चौतिसाव्या शब्दावर थांबलेली कासारीण

जिल्ह्यात दुसरीच्या मुलांची एक मिनिटाची वाचनचाचणी सुरू झाली, तेव्हापासून उताऱ्यातली कासारीण, मूल ज्या शब्दावर थांबेल त्या शब्दावर, जशी असेल तशी, शाळेतच थांबू लागली.

यात बोंब मारण्यासारखं काही नव्हतं. परिपत्रकात तसं स्पष्ट लिहिलं होतं. 'मुलाने वाचलेल्या शब्दांपुढे कासारीण सरकणार नाही, याची शिक्षकांनी नोंद घ्यावी.' खापरसांगवीच्या शाळेत दुसरीला शिकवणाऱ्या वनमाला डोंगरदिवे बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं, खाली सही केली आणि व्हरांड्यात दोन सतरंज्या जास्तीच्या टाकून ठेवल्या. सोळा वर्षं नोकरीत काढलेल्या बाईला परिपत्रकाचं नवल वाटेनासं होतं.

उतारा चव्वेचाळीस शब्दांचा होता. पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, अशा तिन्ही चाचण्यांना तोच. 'भागा कासारीण पहाटे उठली. तिने टोपली डोक्यावर घेतली. ओढ्याला पाणी होते. भागा ओढ्यातून पलीकडे गेली. चिंचेखाली बसून तिने भाकरी खाल्ली. बाजारात बायका तिची वाट बघत होत्या. तिने सगळ्यांना बांगड्या भरल्या. दिवस मावळला. भागा घरी निघाली. तिची लेक दारात उभी होती. मग दोघी जेवायला बसल्या.' एवढंच. चाचणी झाली की कागद लाखेच्या पाकिटात बंद करून परत पाठवायचा आणि पुढच्या चाचणीपर्यंत कुणी बघायचा नाही.

जिल्ह्यातल्या काही शाळांत ही चाचणी आधीपासून होती, खापरसांगवीत ती यंदाच आली. जुलैत पहिली चाचणी झाली. वर्गात मुलं एकोणीस. जुवेरिया शेख नावाच्या मुलीने सगळे शब्द बावन्न सेकंदांत वाचले, आणि तिची भागा कुणाशी काही न बोलता घरी गेली. उरलेल्या अठरा मुलांच्या अठरा भागा शाळेत राहिल्या.

त्यांची व्यवस्था लावता लावता बाईंच्या नाकी नऊ आले. चार जणी ओढ्याच्या पाण्यात होत्या, त्यांची लुगडी गुडघ्यापर्यंत ओली, आणि काही केल्या वाळत नव्हती. त्यांना उन्हाच्या बाजूला बसवलं. दोघी चिंचेखालच्या, त्यांच्याजवळ भाकरी होती म्हणून त्या शाळेच्या खिचडीला हात लावत नसत. बाजारापर्यंत पोचलेल्या तिघी सारख्या मुलींच्या मनगटांकडे बघायच्या, पण बांगड्या भरण्याचा शब्द अजून आलेला नव्हता, त्यामुळे हात पुढे करता येत नव्हता. नाव सगळ्यांचं एक, तरी एकमेकींशी त्या फार बोलत नसत. बोलणार तरी काय? एकीला जे माहीत ते दुसरीला अजून घडायचं होतं.

आणि शिवकन्या दराडेची भागा होती सगळ्यांच्या मागे. शिवकन्येने मिनिटात सहा शब्द वाचले होते. 'तिने टोपली' इथे घड्याळ वाजलं. तेव्हा ही भागा दाराशी वाकून उभी, दोन्ही हातांनी टोपलीचा काठ धरलेला. टोपली खाली ठेवता येईना आणि डोक्यावर घेता येईना.

"बाई, कवाधरनं अशी वाकल्याली हाय मी," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. "कंबर गेली की माझी."

"डिसेंबरात पुढची चाचणी आहे," बाई म्हणाल्या.

"डिसेंबर म्हंजे कवा?"

"दिवाळीनंतर."

"आगं माय!" भागा म्हणाली. पण तक्रार म्हणून नाही. माणूस उन्हाबद्दल बोलतं तसं बोलली. बाईंना मात्र वाईट वाटलं, आणि त्यांनी तिच्या टोपलीखाली एक स्टूल सरकवून दिलं. स्टुलाबद्दल परिपत्रकात काही नव्हतं.

एक गोष्ट बाईंच्या हळूहळू लक्षात आली. बाकीच्या भागा जरा पुसट होत्या. लुगडं कुठल्या रंगाचं ते नीट सांगता यायचं नाही. शिवकन्येच्या भागाचं लुगडं हिरवं होतं, पदराला दोन ठिकाणी टाके होते, आणि डाव्या भुवईवर जुनी खोक होती. उताऱ्यात यातलं काहीच नव्हतं. शिवकन्या एकेका शब्दापाशी थांबून इतका वेळ विचार करायची, त्यातून हे आलं असावं, असं बाईंनी आपलं मनाशी ठरवलं. नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता.

मुख्याध्यापक टेकाळे सरांना मात्र या गर्दीची काळजी लागली होती. एकतीस मेला ते रिटायर होणार होते. माणूस वाईट नाही हो, मुलांची नखंसुद्धा स्वतः कापायचे. पण छत्तीस वर्षांच्या नोकरीत शाळेला एक फलक मिळावा, 'शंभर टक्के वाचनक्षम', आणि त्या फलकाखाली उभं राहून आपला एक फोटो निघावा, एवढी त्यांची इच्छा होती. मुलांनी अडखळत वाचलेले तुकडे जोडून त्यांनी अख्खा उतारा मिळवला आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज सकाळी प्रार्थनेच्या मागोमाग तो सुरात म्हणून घ्यायला सुरुवात केली.

"सर, हे वाचन नाही," डोंगरदिवे बाई म्हणाल्या.

"बाई, आपण पाढे कसे शिकलो? पाठ करूनच ना? एकदा का सगळ्या घरी गेल्या की मुलांना काय वाचायचं ते वाचू दे."

डिसेंबरची चाचणी झाली. नऊ मुलांनी छताकडे बघत, बोट भलत्याच ओळीवर ठेवून, वीस सेकंदांत उतारा घडाघडा म्हणून टाकला. नऊ भागा रांगेने फाटकातून बाहेर पडल्या. आणखी पाच मुलांनी खरोखर वाचला, त्यांच्या पाच गेल्या. टेकाळे सरांनी पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला शाळा उघडली तर त्या नऊ जणी व्हरांड्यात येऊन बसलेल्या.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"घर व्हतं बाई," त्यातली एक म्हणाली. "दार व्हतं. चूल व्हती. आत कुनीच न्हवतं."

"लेक?"

"न्हवती. लई हाका मारल्या."

बाईंनी त्या नऊ मुलांना एकेक करून जवळ बोलावलं आणि फळ्यावर 'लेक' हा शब्द लिहून विचारलं, हे काय लिहिलंय? एकाने सांगितलं बांगड्या. एकाने सांगितलं ओढा. एकीने सरळ पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली.  बाईंनी मग नोंदवहीत 'परत आल्या' असा रकाना हाताने आखला आणि त्यात नऊ लिहिलं. टेकाळे सर ऑफिसात जाऊन बसले ते जेवायच्या सुट्टीपर्यंत बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेनंतरचा सूर बंद झाला.

या सगळ्या गडबडीत शिवकन्येकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती सुरात कधी म्हणायचीच नाही, नुसते ओठ हलवायची. डिसेंबरात तिने तेरा शब्द वाचले. तिची भागा ओढ्यापर्यंत आली, टोपली डोक्यावर गेली, कंबर सरळ झाली. पाय मात्र ओले, आणि वर्गात सारखं थारोळं. शिवकन्या दर तासाला फडकं घेऊन पुसायची. आणि पुसता पुसता त्या परत आलेल्या नऊ जणींचं बोलणं ऐकायची.

जानेवारी ते मार्च बाईंनी जिवाचं रान केलं. वेगळे शब्द, वेगळी वाक्यं, दुकानांच्या पाट्या, बियाणांच्या पिशव्या, लग्नाच्या पत्रिका. प्रत्येक मुलाला रोज पाच मिनिटं जवळ घेऊन बसायचं, ते कुठे अडतं ते बघायचं, आणि तिथूनच पुढे न्यायचं. चाचणी असते ती यासाठी, हे बाईंचं जुनं मत. बाकीच्यांना ते पटतही असे, पण रकाने भरायच्या नादात राहून जाई.

एप्रिलची शेवटची चाचणी घ्यायला केंद्रप्रमुख वाघचौरे साहेब स्वतः आले. मुलं एकामागून एक वाचून गेली. मागे राहिलेल्या तिघी गेल्या, आणि परत आलेल्या नऊच्या नऊ जणीही या वेळी गेल्या त्या गेल्याच. शेवटी शिवकन्या खुर्चीवर बसली. पाय जमिनीला पोचत नव्हते. ती सावकाश, एकेका शब्दाखाली बोट सरकवत वाचत गेली. भागा ओढा ओलांडून गेली, वर्गाच्या कोपऱ्यात बसून भाकरी खाल्ली, बाजारातल्या बायकांना बांगड्या भरल्या. दिवस मावळला. "भागा घरी," शिवकन्या म्हणाली, आणि थांबली.

घड्याळात अजून अकरा सेकंद होते.  शिवकन्येने कागदाकडे बघितलं, मग भागाकडे बघितलं, आणि ओठ मिटून घेतले. मिनिट संपलं.

"चौतीस," वाघचौरे साहेब म्हणाले. "एकच राहिली म्हणायची." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "डोंगरदिवे बाई, दहा शब्दांचा प्रश्न आहे. चव्वेचाळीस लिहून टाका. टेकाळे सरांचा फलक होऊन जाईल."

"आणि ही?" बाईंनी भागाकडे बोट केलं. भागा रिकामी टोपली काखेला लावून दाराशी उभी होती. तिच्यापुरता दिवस मावळलेला होता, त्यामुळे सकाळच्या अकराच्या उन्हात ती डोळे बारीक करून अंधारात बघितल्यासारखं बघत होती.

"ही कागदावर घरी पोचेल. कागदावर पोचलेली बाई शाळेत दिसली तरी नोंद घ्यायची नसते."

बाईंनी अशी बाई एकदा पाहिली होती, दुसऱ्या एका गावच्या शाळेत. फाटकाशी उभी होती. मुलं तिला वळसा घालून जात होती, शिक्षकही जात होते. आणि जिच्या वाचनावर ती थांबली होती ती मुलगी आता पाचवीत होती. कागदावर तिला वाचता येत असल्यामुळे पुढे कुणीच तिला जवळ घेऊन बसलं नव्हतं.

"आणि चौतीस लिहिले तर?"

"तर मुलीला वाचन कमी म्हणून तिसरीच्या बाईंकडे कळवायचं. उतारा या वेळी शाळेकडेच राहतो, एकतीस मेपर्यंत कधीही वाचून घ्या, घड्याळाची गरज नाही. ऐकायला मात्र शिक्षक पाहिजे. तोवर नाही पोचली तर कासारीण तालुक्याच्या गोदामात जमा."

"गोदामात कोण वाचतं तिथे?"

"गोदामात कोण वाचणार बाई?" साहेब म्हणाले. "तिथे आधीच्या वर्षांच्या आहेत. रांगेने उभ्या आहेत."

बाईंनी टेकाळे सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते. बाईंना फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी वाटलं, भागासाठीही वाटलं. पण त्यांनी चौतीस लिहिले, खाली सही केली आणि वही साहेबांपुढे सरकवली.

"तुमची मर्जी," साहेब म्हणाले.

सर नंतर एवढंच म्हणाले, "बरोबर केलंत बाई. पण माझ्याशी चार दिवस बोलू नका." आणि खरंच चार दिवस बोलले नाहीत.

मग बाई भागाजवळ गेल्या. "तुझं यंदा जमलं नाही," त्यांनी सांगितलं. "एकतीस तारखेपर्यंत मुदत आहे. पुढचं मी लपवत नाही, गोदाम आहे."

"सांगितलं ते ब्येस केलं," भागा म्हणाली.  "लेक येकटी हाय वो घरी. दिवा लावायची येळ झालीया."

सुट्टी लागली. सकाळी आठला बाई शाळा उघडायच्या, शिवकन्या यायची, आणि तिघी व्हरांड्यात बसायच्या. शिवकन्येचे आईवडील उसाच्या तोडीवर गेलेले ते अजून परतले नव्हते, ती मावशीकडे राहायची, त्यामुळे सुट्टी असून नसून सारखीच. ती रोज उतारा पहिल्यापासून वाचायची, दिवसेंदिवस जास्त सरळ वाचायची, आणि रोज 'भागा घरी' पाशी थांबायची.

"निघाली," बाई न राहवून म्हणायच्या. "नि-घा-ली. म्हण."

"बाई, तुमी बोलू नगा," भागा म्हणाली. "तुमी वाचल्यालं मला ऐकू येत न्हाई. तिनं वाचल्यालंच येतं."

बाईंना वाटलं, शब्दात जोडाक्षर नाही, मग मुलीला नेमकं काय जड जातंय? त्यांनी फळ्यावर 'निघाली' लिहिलं. शिवकन्येने लगेच वाचलं. निघाला, निघाले, निघणार, सगळं वाचलं. बाईंनी खडू खाली ठेवला. एकोणतीस मे उजाडला होता.

"अगं मग तुला येतंय की! उताऱ्यात का थांबतेस?"

शिवकन्या बोटाने फरशीवर रेघा ओढत बसली. मग म्हणाली, "घरी कोण आहे?"

"लेक आहे. पुढे लिहिलंय."

"त्या नऊ जणींच्या कागदावर पण लिहिलं होतं."

 या वर्षभरात बाईंनी या मुलीचे शब्द मोजले, अडखळणं मोजलं, सेकंद मोजले. अकरा सेकंद हातात असताना ती का थांबली, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. त्यांना स्वतःचा राग आला.

"आमच्या घराला पण कुलूप आहे," शिवकन्या म्हणाली. "आई येणार असं मावशी म्हणाली म्हणून मी दोनदा जाऊन आले. कुलूपच होतं. हिला असं कसं पाठवायचं? आधी कुणीतरी बघून यायला पाहिजे."

"पण वाचल्याशिवाय कसं बघणार?"

शिवकन्येने कागद घडी घालून ठेवला.  तीस तारखेला तर तिने कागद हातातही घेतला नाही, नुसती भागाला टेकून बसली. भागाने तिला घाई केली नाही. गोदामाबद्दल दोघींनाही माहीत होतं.

एकतीस मेला सकाळी टेकाळे सर चार्ज द्यायला आले. नवे मुख्याध्यापक अजून रुजू व्हायचे होते, म्हणून चार्ज तात्पुरता डोंगरदिवे बाईंनीच घ्यायचा होता. पांढरा सदरा, हातात लांबलचक यादी. एकेक वस्तू वाचायची, दोघांनी बघायची, खूण करायची. कपाटं दोन. खुर्च्या सात, त्यातली एक मोडकी. नकाशे, भूगोल, चार. सर एकेका वस्तूपाशी जरा जास्तच वेळ थांबत होते. गोदामाचा टेम्पो दुपारी येणार होता.

शिवकन्या व्हरांड्यात भागाशेजारी उतारा मांडीवर घेऊन बसली होती. बाईंनी दोनदा ऑफिसातून डोकावून बघितलं. तिचं बोट कागदावर होतं, ओठ बंद होते. आज पण वाचत नाही, बाईंच्या मनात आलं, आणि त्यांना रडू आल्यासारखं झालं. मग सरांनी प्रयोगाच्या पेटीतल्या काचनळ्या मोजायला घेतल्या आणि त्या मोजण्यात अडकल्या.

"व्हरांडा," सर म्हणाले. "सतरंज्या चार. कासारीण एक." ते बाहेर आले. मागोमाग बाई आल्या.

सतरंज्या चार होत्या. शिवकन्या होती. भागा जिथे बसायची तिथे फरशी मोकळी होती, टोपलीसुद्धा नव्हती.

"कुठे गेली?" सरांनी विचारलं.

शिवकन्येने कागदावरून मान वर केली नाही.

"शिवकन्ये, तू वाचलंस?" बाई तिच्यासमोर खाली बसल्या. "केव्हा वाचलंस? मला ऐकू नाही आलं."

"मनात वाचलं," शिवकन्या म्हणाली. "आधी मीच बघून आले."

बाईंनी सरांकडे बघितलं. दुसरीला मनातल्या मनात वाचायला अजून कुणी शिकवलेलं नव्हतं. अभ्यासक्रमात ते पुढे होतं.

"मनातलं वाचन कुणी ऐकलं?" सर म्हणाले. छत्तीस वर्षांची सवय होती. "ऐकलं नसेल तर मी इथे लिहू काय? वाचून घ्या बरं तिच्याकडून एकदा मोठ्याने. नोंद तरी होईल. शिवकन्ये, ऊठ. पहिल्यापासून म्हण, मोठ्याने!"

शिवकन्येने पटकन ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना सर," ती म्हणाली. "त्या जेवतायत."

टेकाळे सर यादी हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी चपला काढून भिंतीशी ठेवल्या, कासारणीच्या नावावर काट मारली, आणि पुढची वस्तू बाईंच्या कानाशी येऊन अगदी हलक्या आवाजात वाचली. घंटा, पितळी, एक.